एकोणतीस पावलांवरचा संकासूर

रत्नागिरी,
बुधवार, ता. ९ फेब्रुवारी १९५५

चि. राजाभाऊ यास,

भास्करचे मनापासून आशीर्वाद. तुझी तीन पत्रं आली, एक कार्तिकात, एक नाताळात आणि एक संक्रांतीच्या तिळगुळासकट. तिन्ही पोचल्याच्या तारखा माझ्या डायरीत आहेत आणि एकाचंही उत्तर गेल्याची नोंद नाही, याबद्दल आधी क्षमा मागतो. (बहिणीच्या नवऱ्यानं अशी क्षमा मागायची नसते, असं उल्कानं आत्ताच माझ्या खांद्यावरून वाचून सांगितलं. पण चूक माझी आहे, नात्याची नाही.) तुझा खोकला गेला का? खानावळीचं तिखट सोसत नसेल तर तसं कळव, उल्का मेतकूट पाठवणार आहे. आम्ही सर्व बरे आहोत. माझी डावी बाजू गेल्या मे महिन्यापासून बसताना कुरकुरते, पण त्याचं कारण तुझं चित्र असल्यामुळे ते ओघात येईलच.

उत्तराला उशीर का झाला, याची तीन कारणं मी मनाशी तयार केली होती: सहामाहीचे पेपर, शाळेचं संमेलन आणि शाईची टंचाई. लिहायला बसल्यावर तिन्ही वाचून पाहिली. पहिलं अर्धं खरं आहे, दुसरं पाव, आणि शाई तर बाटलीभर आहे. तेव्हा जसं घडलं तसंच सांगतो.

गेल्या शिमग्यात तू आलास आणि आमच्या अंगणात वाडीचा संकासूर नाचताना पाहून तुझं जेवण तसंच राहिलं, हे तुला आठवत असेल. काळा अंगरखा, तोंडावर काळं कापड, उंच टोकदार टोपी, पोटापर्यंत पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा आणि आत आमचा काशीराम, बावीस वर्षं संकासूर होणारा. तू त्याला म्हणालास, जरा स्थिर उभा राहा. तो उभा राहिला नाही, कारण कमरेला घुंगरू बांधले की ते सोडेपर्यंत संकासुरानं थांबायचं नाही, हा त्यांचा नियम आहे. मग तू रंगांची पेटी घेऊन पाच दिवस त्याच्या मागे घराघरांतून धावलास. त्या फ्रेंच मंडळींच्या रीतीनं, वस्तू न रंगवता वस्तूवर पडलेला उजेड रंगवायचा, असं तू मला समजावलंस, आणि समजल्यासारखी मान मी हलवली. ती मान मी प्रामाणिकपणे हलवली नव्हती, हे आता सांगून टाकतो.

तू गेलास आणि जाताना म्हणालास, रंग वाळायला महिने लागतील, दिवाळीनंतर पाठवा. चित्र माजघराच्या भिंतीवर टांगलं. चार फूट लांब नि तीन फूट रुंद, त्यामुळे हळदीकुंकवाच्या फडताळाला दुसरीकडे जावं लागलं. मी समोर बसून पाहिलं, तर मला काळे, निळे आणि मळकट पांढरे फटकारे दिसले आणि एका ठिकाणी चिकटलेला गुलाल. लांबून पाहायचं असतं, असं तू म्हणाला होतास. पण माजघर ते किती? आठ पावलांत मागची भिंत लागते. मग चित्र मी ओटीच्या दाराच्या बरोबर समोर येईल असं टांगलं आणि नजर न हलवता मागे मागे चालत गेलो. दहाव्या पावलाला टोपी दिसली. बाराव्या पावलाला दाढी. तेराव्या पावलाला ओटी संपली. खाली अंगणात उल्कानं आमसुलं करण्यासाठी रतांब्याची सालं रस लावून वाळत घातली होती, त्यांत मी बसलो. माझ्या धोतरावर मागे जे उमटलं ते हुबेहूब राजाभाऊच्या पद्धतीचं आहे, असं तुझ्या बहिणीचं मत पडलं. ते धोतर तिनं अजून ठेवलं आहे.

समोरचे गफूरभाई आपल्या पडवीत बसून हा सगळा प्रकार पाहत होते. (तीस वर्षं जहाजावर सारंग होते, आता गुडघ्यावर पंचा टाकून रस्ता बघतात.) ते मला उठवायला आले नाहीत. बसल्या जागेवरून हाक मारून म्हणाले, "मास्तर, चांगला चालला होता. तसंच मागं येवा, अजून सोला पावलां."

त्यांच्या पडवीच्या खांबाला पाठ लावून मी वळून पाहिलं आणि राजाभाऊ, आमच्या माजघरात संकासूर नाचत होता. दुपारचं ऊन त्याच्या टोपीवर होतं, दाढी एका बाजूला उडाली होती, डावा पाय उचललेला होता, आणि मागे आमची विहीर होती. गफूरभाई म्हणाले, यात नवल काय, किनाराही असाच असतो, जवळ गेलात की नुसते दगड, लांबून बघा की गाव. बी.ए.पर्यंत शिकून मला जे कळलं नाही ते त्यांना डेकवर उभं राहून कळलं होतं. मी पावलं मोजली. आमची भिंत ते त्यांचा खांब, एकोणतीस.

त्या दिवसापासून तुझं चित्र आमच्या घरात आहे, पण ते दिसतं गफूरभाईंच्या घरातून. संध्याकाळी शेजारपाजारची पाचसात माणसं त्यांच्या पडवीत जमू लागली. आमचं पुढचं दार आणि माजघराचं दार उघडं हवं, हे ओघानंच आलं. उल्काचे हाल मी तुला काय सांगू? ती ताट घेऊन मधून गेली की पलीकडून "वयनी, जरा बाजूला" असा अदबीचा आवाज यायचा. गफूरभाईंच्या कनीजभाभी दुसऱ्या दिवशी तिला विचारायच्या, काल शिकरण होतं ना? एकदा उल्का रुसून चित्राकडे पाठ करून भिंतीशी उभी राहिली, तर पडवीतून निरोप आला की संकासुराला लुगडं छान दिसतंय. (मी स्वतः पडवीत त्या पहिल्या दिवसानंतर फारसा गेलेलो नाही. मला चित्रातलं काही कळत नाही, हे मी आधीच लिहिलं आहे.)

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट झाली, ती तुझ्यापासून लपवणं मला बरं वाटत नाही. चित्रावर बुरशी आली. आमच्या लक्षात आलं नाही, कारण पडवीतून सर्वांचं म्हणणं पडलं की श्रावणात दाढी चांगली भरली आहे. मी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा दाढी कॅनव्हासच्या काठापर्यंत पोचली होती. सुक्या मलमलीनं हलक्या हातानं पुसली. त्यात बुरशी किती गेली आणि तू किती गेलास, हे मला सांगता येणार नाही. मलमल जपून ठेवली आहे.

आता काशीरामचं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आपलं चित्र बघायला आला, धुतलेला सदरा घालून. आमची दारं त्या वेळी लावलेली होती, म्हणून मी त्याला सरळ माजघरात नेलं. तो चित्राच्या इतका जवळ गेला की नाकाला रंग लागला असता. बराच वेळ बघून म्हणाला, "मास्तरानू, टोपी मिळाली. दाडी मिळाली. माजा त्वांड कुटं हाय?" (काळ्या कापडाखाली त्याचं तोंड एरवीही दिसत नाही, पण हे मी त्याला म्हणालो नाही.) पाच दिवस त्याच्यामागे धावलेल्या माणसानं त्याला असं पुसून टाकावं, याचं त्याला वाईट वाटलं होतं. त्याला बरं वाटावं म्हणून मी घाईत बोलून गेलो, "अरे, तू सारखा हलत होतास ना, म्हणून तोंड पुसट आलं."

काशीरामचा चेहरा एकदम बदलला. "म्हंजे मी उभा ऱ्हायलो न्हाय, आसा ह्यात दिसतां?"

मग त्यानं सांगितलं ते असं. त्याचे दोन्ही गुडघे गेले आहेत. वाडीत बोलवा होती की गेल्या शिमग्यात काशीराम घुंगरांसकट कुठेतरी बसला. माघी पौर्णिमेला गावकर मंडळी बसून ठरवणार होती की अंगरखा त्याच्याकडे ठेवायचा की त्याचा भाचा आत्माराम याला द्यायचा. बावीस वर्षांत त्याला दुसरं काही म्हणून कुणी ओळखलेलं नाही, बायकोसुद्धा शिमग्याआधी महिनाभर त्याला अंगावर शेण पडणार नाही असं काम देते. तेव्हा चित्र पौर्णिमेपर्यंत मुंबईला पाठवू नका, हा माझा पुरावा आहे, असं म्हणून त्यानं माझे पाय धरले.

मी हो म्हणालो. म्हणाल्यावर मला झोप लागेना. एक तर मी त्याला सांगितलं ते पूर्ण खरं नव्हतं, कारण तू आमची विहीरही तितकीच पुसट रंगवली आहेस आणि विहीर हलत नव्हती. दुसरं म्हणजे माझी डायरी. गेल्या शिमग्यातलं पान उघडून पाहिलं, माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "दुपारी संकासूर आला. ओटीवर बसून तांब्याभर पाणी प्यायला. राजाभाऊ त्या वेळी रंग आणायला आत गेला होता. उल्कानं पुरणपोळी दिली." तो बसला होता, आणि माझ्याच ओटीवर. त्या पानावर शाई सांडावी, असा विचार माझ्या मनात दोनदा आला, हेही मी लिहून ठेवलं आहे. तुझी पत्रं येत होती, "पंधरा फेब्रुवारीपर्यंत चित्र प्रदर्शनाला न पोचल्यास वर्ष वाया जाईल" असं तू लिहीत होतास, आणि मी तुझं वर्ष आणि काशीरामची बावीस वर्षं यांची तुलना करत बसलो होतो. सत्य काय ते कळवलं असतं तर तू चित्र मागवलं असतंस. खोटं कळवणं मला जमत नाही. म्हणून काहीच कळवलं नाही. हे खोटं बोलण्यापेक्षा चांगलं की वाईट, याचा निर्णय अजून झालेला नाही.

परवा सोमवारी पौर्णिमेला दुपारी वाडीतली वीसबावीस माणसं चित्र बघायला आली ती अर्थात गफूरभाईंच्या पडवीत. चहा कनीजभाभींनी केला, कप आमचे गेले. काशीराम खांबाशी बसला होता. त्यानंही चित्र पडवीतून पाहिलं ते त्याच दिवशी पहिल्यांदा, कारण पुराव्याकडे आधी बघितलं तर तो फिका पडतो, असं त्याला वाटत होतं. मी आमची दारं सताड उघडली आणि येऊन बसलो. पलीकडे संकासूर उभा, म्हणजे नाचता, राहिला. हातातले कप खाली ठेवले गेले. एक म्हातारा हळूच म्हणाला, डावा पाय असा फक्त काशीरामच उचलतो. ऐन त्याच वेळी, इतकी शांतता का झाली ते बघायला उल्का कमरेवर हात देऊन चित्रापुढे येऊन उभी राहिली, आणि वाडीनं तिच्याकडेच दोन मिनिटं गंभीरपणे पाहिलं.

ती गेल्यावर काशीरामनं आपली बाजू मांडली: तोंड पुसट आहे, कारण मी हलत होतो, मास्तर साक्षीला आहेत. गावकर म्हणजे वाडीचा मुख्य, सत्तरीचा आणि डोळ्यांनी अजून तिखट. त्यानं मला विचारलं, "मास्तर, त्या कोपऱ्यात काय हाय?"

मी म्हणालो, आमची विहीर.

"ती बी पुसाट हाय. मंग ती बाव बी नाचत व्हती काय?"

सगळी पडवी हसली. काशीराम हसला नाही. ही पाळी माझ्यामुळे आली होती, म्हणून मी बोलायला तोंड उघडलं, पण गफूरभाई आधी बोलले. "बाव कशाला नाचंल? रंगवणारा पलत होता. जहाज हाललां की बंदर पन हालतां." हे सर्वांना पटलं. (मलाही पटलं, आणि नंतर रात्रभर विचार केल्यावर पटेनासं झालं.) पण गावकर तेवढ्यावर थांबणारा नव्हता. तो माझ्याकडे वळून बसला. "मास्तर, तुमी रोजचा लिवून ठेवताव म्हनतात. तुमच्या घरी काशीराम बसला की न्हाय बसला, येवढाच सांगा."

राजाभाऊ, डायरी माझ्या कोटाच्या खिशात होती. का आणली होती ते विचारू नकोस. मी खिशात हात घातला, आणि खरं सांगतो, तो हात वर काय घेऊन येणार हे मला ठाऊक नव्हतं, डायरी की रुमाल.

"मास्तरास्नी इचारू नका," काशीराम म्हणाला. तो चित्राकडेच बघत होता. "ते खोटा बोलायचे न्हाईत, नि खरा बोलले तर आठ दीस त्यांना जेवान जायचा न्हाय. बसलो मी. त्यांच्याच ओटीवर बसलो नि पानी प्यालो. परार साली बावीवर बसलो, तवा कुनी बगितला न्हाय."

"आमी बगितला व्हता," गावकर म्हणाला. "समद्यांनी बगितला व्हता. तू कदी सांगतंस ता बगत व्हतो."

कनीजभाभींनी उगाच पुन्हा चहा फिरवला. मग गावकरानं सांगितलं की अंगरखा यंदा आत्मारामकडे जाईल आणि काशीरामनं शिमग्यापर्यंत रोज त्याला इथे, याच पडवीत आणून चित्र दाखवत शिकवायचं, पाय कसा उचलायचा ते. मी काशीरामकडे पाहायचं टाळलं. पण तो चिलीम झटकत, चित्राकडे बोट करून म्हणाला, "आता काय. त्यो थितं उभा ऱ्हात न्हाय. मंग मी हितं बसलो तरी चालंल." आणि गुडघे लांब सोडून खांबाला टेकून तो इतका आरामात बसला, की बावीस वर्षांत मी त्याला तसं बसलेलं पाहिलं नव्हतं. (डायरीतला तांब्याभर पाण्याचा वेळ सोडून.)

मग मला उठून सांगावं लागलं की चित्र शिमग्यापर्यंत इथे राहायचं नाही, ते माझ्या मेहुण्याचं आहे आणि त्याला पंधरा तारखेच्या आत मुंबईला हवं आहे. वाईट वाटलं सर्वांना, पण कुणी वाकडं बोललं नाही. पाहुणा म्हणून आला तर जाणारच, असं गावकर म्हणाला. आत्मारामला जे दाखवायचं ते शुक्रवारपर्यंत दाखवून होईल. तेव्हा निश्चिंत ऐस. शनिवारच्या बोटीनं चित्र निघेल, रविवारी तुझ्या हातात पडेल, गोणपाट आणि भाताच्या पेंढ्यात नीट बांधून. त्याच्याबरोबर काशीराम येईल, त्यानं मुंबई पाहिलेली नाही. तेवढी त्याची दोन दिवस सोय कर. बाकी माझी काही मागणी नाही. उल्का म्हणते, आता निदान माजघराचं दार लावून बसता येईल. काल सरावासाठी तिनं लावून पाहिलं, आणि पाच मिनिटांनी उघडून, वारा येत नाही म्हणाली.

इथेच पुरे करतो. तुझ्या कुंचल्याला यश येवो आणि तुझ्या छातीला कफ न येवो, या दोन्ही इच्छा सारख्याच जोरानं करणारा,

तुझा
भास्कर

ता. क. एक गोष्ट वर नीट लिहिली गेली नाही. वाडीचा संकासूर वेशीबाहेर एकटा जात नाही, मग तो रंगवलेला का असेना, असं गावकराचं म्हणणं पडलं आहे. बरोबर घरचं माणूस आणि मृदंग हवा. म्हणून काशीरामबरोबर स्वतः गावकर आणि मृदंग घेऊन आत्माराम येत आहेत. तुझी खोली दहा बाय बाराची आहे हे मी सांगितलं. त्यांनी विचारलं, अंगण केवढं आहे? मी गॅलरी म्हणून सांगितलं आहे. चाळीच्या मालकाला मृदंगाची कल्पना आधी दे. शिवाय संकासूर दारात आला की घरधन्यानं नारळ आणि सुपात तांदूळ घेऊन पुढे यावं लागतं, त्याशिवाय त्याला आत नेता येणार नाही. तिथे प्रदर्शनाचा घरधनी कोण, तू की त्यांचे चिटणीस, ते ठरवून ठेव. सूप उल्का पाठवते आहे.

आणखी ता. क. चित्र उचलण्याधरण्याची जबाबदारी अनोळखी हमालावर टाकायला गफूरभाई तयार नाहीत, तेव्हा तेही येतील. ते बोटीवरच झोपतो म्हणतात, पण बोट परत जाते हे त्यांच्या लक्षात आणून दिलं पाहिजे. आणि मी. शाळेला रजेचा अर्ज मी कालच दिला आहे. चित्रातलं मला कळत नाही हे खरं, पण पडवीत फारसा गेलो नाही असं वर लिहिलं आहे ते तितकंसं खरं नाही. डायरीत मोजलं तर मे महिन्यापासून दोनशे सहा संध्याकाळी भरल्या. आणि त्या पानावर शाई सांडण्याचा विचार दोनदा नव्हे, तीनदा आला होता. तुला नको म्हणायचं असेल तर तार कर. मात्र शुक्रवारी दिवसभर मी पेंढा बघायला वाडीत असेन.

शेवटचं. ज्या दालनात चित्र लागणार आहे तिथे भिंतीपासून समोर एकोणतीस पावलं मोकळी जागा आहे का, ते चिटणिसांना विचारून ठेव. मध्ये खांब, खुर्च्या किंवा दुसऱ्या कुणाची चित्रं असल्यास हलवायला सांग. मात्र ही पावलं माझी आहेत. तिथे उभा राहून बघणार आहे काशीराम, आणि गुडघ्यांमुळे त्याचं पाऊल आखूड पडतं, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

उद्याचं काम: आमची भिंत ते गफूरभाईंचा खांब, काशीरामच्या पावलांनी पुन्हा मोजणे.